ग्रहणासाठी वीस फुटी पाइप

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या वाट्याला येणारे सूर्यग्रहण बहुतेक वेळा खंडग्रास असते. 16 फेब्रुवारी 1980 चा खग्रास पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा आपल्या दक्षिणेने गेला. 22 जुलै 2009 चा सुरत, इंदूर, पाटणा असा बराच उत्तरेने गेला, तोही ऐन पावसाळ्यात. 26 डिसेंबर 2019 ची कंकणाकृती अवस्था कासरगोड-कोइमतूरच्या लोकांनी पाहिली आणि 21 जून 2020 ची कुरुक्षेत्र-डेहराडूनकडच्यांनी. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, सूर्य ग्रासलेलाच मावळला, तेही खंडग्रासच. म्हणजे वाळवा तालुक्यात आज पन्नाशीत असलेल्या माणसाने घरबसल्या पाहिलेले प्रत्येक सूर्यग्रहण हे सूर्याला पडलेला एक कमीअधिक मोठा चावा आहे. अशा ग्रहणासाठी वर्तमानपत्रे दर वेळी दोन उपाय छापतात : ग्रहणाचा चष्मा घ्या आणि तो नाही मिळाला तर बुटाच्या खोक्याला भोक पाडून बघा. हा दुसरा उपाय नाइलाजाचा, लहान मुलांना गुंतवून ठेवण्याचा, असाच त्या लिहिण्याचा सूर असतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. खंडग्रास ग्रहणासाठी सूचिछिद्र हेच योग्य यंत्र आहे. खोटे आहे ते बुटाचे खोके. भोक पाडले की काम झाले, असे आपण समजतो आणि ज्या गोष्टीवर सगळे अवलंबून असते ती लांबी विसरतो.

लांबीचे महत्त्व कळायला कवडशापासून सुरुवात करावी लागते. गोठ्याच्या पत्र्याला खिळ्याचे भोक असते, कौलांमध्ये फट असते, चिंचेच्या पानांमधून ऊन झिरपते. ही छिद्रे तिरपी, चौकोनी, वेडीवाकडी असतात. तरीही पुरेशा अंतरावर जमिनीवर पडलेला कवडसा गोलच दिसतो. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, एवढ्या दोनच गोष्टींमुळे हे घडते. सूर्याच्या वरच्या कडेकडून आलेला किरण भोकातून जाऊन खाली पडतो आणि खालच्या कडेकडून आलेला वर. अशा असंख्य किरणांनी भिंतीवर सूर्याचे उलटे चित्र रेखले जाते. तो गोल कवडसा म्हणजे सूर्याचे छायाचित्रच, आणि ग्रहणात त्याची कोर होते. झाडाखाली शेकडो कोरी एकदम पडलेल्या दिसतात त्या याच कारणाने. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, तिच्यामागेही दुसरे काही नाही. चित्र किती मोठे पडेल याचा हिशोब तोंडी करता येतो. सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे 108 पट दूर आहे (जपमाळेच्या मण्यांइतका, त्यामुळे आकडा लक्षात राहतो), म्हणून भोकापासून पडद्यापर्यंत जेवढे अंतर, त्याचा 108 वा भाग म्हणजे प्रतिमेचा व्यास. एका मीटरला 9 मिलिमीटरांहून थोडा जास्त. बुटाच्या खोक्यात मिळते जेमतेम 30 सेंटिमीटर, म्हणजे प्रतिमा 3 मिलिमीटरहूनही लहान, मसुरीच्या दाण्याएवढी. तिच्यात चावा दिसला काय आणि न दिसला काय.

यावर पहिली सूचना येते ती भोक आणखी बारीक करण्याची. प्रतिमा लहान असली तरी भोक बारीक असेल तर ती रेखीव येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि एका मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. भोक मोठे असेल तर प्रत्येक कड भोकाच्या रुंदीइतकी पसरते. परंतु भोक फार बारीक केले की प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. छिद्रातून बाहेर पडताना प्रकाश पसरतो आणि छिद्र जितके लहान तितका पसारा जास्त. एका मीटरवर 0.3 मिलिमीटरचे भोक वापरले तर या पसरण्यामुळे प्रत्येक बिंदूचा साडेचार मिलिमीटरचा डाग होतो आणि सूर्याची सबंध प्रतिमा मात्र सव्वानऊ मिलिमीटरची. म्हणजे बारीक भोकाच्या हौसेपायी अर्धे चित्र पुसले गेले. दोन्ही दोषांचा समतोल साधेल असा मधला आकार निवडणे एवढेच हातात राहते. तो एका मीटरसाठी साधारण 1.4 मिलिमीटर, सहा मीटरसाठी 3.5 आणि अठरा मीटरसाठी 6 मिलिमीटर येतो. अंतर चौपट झाले की भोक दुपटीनेच वाढते, प्रतिमा मात्र चौपटीने. खरा फायदा इथेच दडला आहे. प्रतिमेच्या व्यासाला भोकाच्या व्यासाने भागले तर चित्र किती बारकाव्याचे आहे याचा अंदाज येतो. बुटाच्या खोक्यात हा भागाकार साडेतीन येतो, एका मीटरला साडेसहा, सहा मीटरला सोळा, अठरा मीटरला अठ्ठावीस. भोक कितीही काळजीपूर्वक पाडा, साडेतीनचे सोळा करण्याचा मार्ग लांबीतूनच जातो.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही सूर्याच्या मोठ्या चित्रासाठी लांबीच लागली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणातून चढून ईशान्येला विदर्भाकडे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी ठाण मांडले होते. विजयदुर्ग ते जेऊर अशी रेघ नकाशावर ओढली तर ती कऱ्हाडजवळून, म्हणजे आपल्या शेजारून जाते. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तो शोध ज्या ग्रहणाशी जोडला जातो ते 1868 चे. त्या वेळी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, जॉन हर्शेल जमखंडीला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. किल्ल्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण तारखा तारखांच्या जागी असाव्यात.) जेऊरला कॅम्पबेल यांनी उभारलेला कॅमेरा चाळीस फुटांचा, म्हणजे सुमारे बारा मीटर लांबीचा होता. इतकी लांबी कशासाठी? सूर्याचे चित्र 11 सेंटिमीटरांचे पडावे यासाठी. भिंग असो की नुसते भोक, प्रतिमेचा आकार लांबीच ठरवते. भिंगामुळे प्रकाश आणि रेखीवपणा वाढतो, आकार नाही. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाच्या अंधूक पाकळ्या टिपायच्या असल्यामुळे जेऊरला भिंगाशिवाय गत्यंतर नव्हते. आष्ट्याला खंडग्रास सूर्याची कोर टिपायची आहे. ती लखलखीत असते, प्रकाशाची चणचण तिथे नाहीच.

बारा मीटरचा कॅमेरा उभारणे शाळेच्या आवाक्यात नाही, पण सहा मीटरची नळी या भागात कुणाच्याही बांधावर पडलेली असते. शेतीचा पीव्हीसी पाइप वीस फुटी येतो. कृष्णेचे पाणी उसापर्यंत न्यायला लागतात तेच हे पाइप, आणि चार इंची पाइप आपल्या कामाला अगदी बेताचा आहे. सहा मीटरवर सूर्याची प्रतिमा 56 मिलिमीटरची येते. ती चार इंची तोंडात आरामात मावते आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहते. नळीच्या वरच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकती बसवावी, चकतीच्या मधोमध रुपयाएवढी खिडकी कापावी आणि खिडकीवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवावी. भोक थेट पुठ्ठ्यात पाडू नये. पुठ्ठ्याची जाडी आणि निघालेले तंतू कडा बिघडवतात. साडेतीन मिलिमीटरचे भोक दाभणाने सुरू करून पेन्सिलीच्या टोकाने हलकेच रुंद करता येते, मग पट्टी लावून मोजावे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. खालच्या तोंडावर बटर पेपर ताणून बांधावा. हा पडदा पारदर्शक नाही पण प्रकाश पलीकडे सोडतो, म्हणून प्रतिमा मागच्या बाजूने पाहता येते. पाहणाऱ्याचे डोके किंवा फोन उजेडाच्या वाटेत येत नाही आणि फोटो तिरपा काढावा लागत नाही. नळीच्या आतल्या भिंतीवरून परावर्तन होते, त्यासाठी खालच्या टोकाला दीडदोन फूट काळा कागद गुंडाळून आत सरकवावा. पाइप मधे झोळतो. त्याला बांबू बांधला की झोळ जातो. वरचे टोक शिडीवर किंवा ट्रॉलीच्या हौद्यावर टेकवायचे, खालचे टोक विटांवर. खालच्या टोकावर एखादे घोंगडे टाकून अंधार केला की पाहणारे आत डोके घालून चित्र पाहू शकतात.

नळी सूर्याकडे वळवताना सूर्याकडे बघायचे कारण नाही. नळीची जमिनीवरची सावली बघायची. नळी तिरकी असेपर्यंत सावली लांबोळी असते. रोख जसजसा जुळतो तसतशी ती आखडत जाते. ज्या क्षणी सावली सगळ्यात आखूड होते, त्याच्या आसपास बटर पेपरवर उजेडाचा गोल येऊन बसतो. तो तिथे फार वेळ थांबत नाही. पृथ्वी फिरते म्हणून सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, आणि चार इंची तोंडातून प्रतिमा बाहेर जायला मिनिट-दीड मिनिट पुरते. म्हणून एका माणसाने खालचे टोक बोटभर सरकवत राहणे हे कामच ठरवून द्यावे. प्रतिमा उलटी असते, म्हणजे वरचे खाली आणि डावे उजवीकडे. पडदा पुढून, म्हणजे भोकाच्या बाजूने पाहिला तर डावे-उजवे पुन्हा बदलते. चंद्र कोणत्या बाजूने शिरला यावरून वर्गात वाद होऊ नये म्हणून ग्रहणाआधीच पडद्यावर पूर्व-पश्चिम खूण करून ठेवावी. नळी न हलवता प्रतिमा ज्या दिशेला सरकते ती पश्चिमेच्या खुणेची बाजू. चित्र उलटे असले तरी हे बदलत नाही.

फोटो काढण्यात फोनवाले दोन चुका नेहमी करतात. पहिली म्हणजे फोन थेट सूर्याकडे धरणे. त्यात हाती येतो एक पांढरा फुगवटा आणि नजर मात्र कडेने सूर्यावर जाते. दुसरी म्हणजे पडद्याचा फोटो काढताना उजेडाचे प्रमाण फोनवरच सोपवणे. बटर पेपरवरच्या चित्रावर साधारण तीनचारशे लक्स प्रकाश असतो, चांगल्या दिवे लावलेल्या खोलीइतका. फोनला तो भरपूर आहे. मात्र आजूबाजूचा काळोख पाहून फोन चित्र उगाच उजळ करतो आणि कोर फुगते. म्हणून पडद्यावर बोट दाबून फोकस व उजेड दोन्ही कुलूपबंद करावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि फोन विटांच्या थप्पीवर पक्का बसवावा. एकदा केलेली ही मांडणी शेवटपर्यंत बदलू नये. सूर्य ऐंशी टक्के झाकला तरी उरलेल्या कोरीचा लखलखाट कमी होत नाही, तिचे क्षेत्रफळ कमी होते. म्हणून पहिल्या फोटोला बसवलेला उजेड शेवटच्यालाही चालतो. चौकटीत मिलिमीटरची पट्टी आणि घड्याळ दोन्ही यावीत. पाच-पाच मिनिटांनी एक फोटो पुरे. पट्टी आणि घड्याळ असलेले वीस फोटो हे मोजमाप असते; त्यांच्याशिवायचे दोनशे फोटो निव्वळ आठवण.

नळी सगळ्या ग्रहणांना चालत नाही, हेही सांगायला हवे. डिसेंबर 2019 च्या ग्रहणात सकाळी साडेनऊच्या सुमारास आष्ट्याहून सूर्य क्षितिजापासून तीस अंशांच्या आत होता. त्या उंचीला नळी झकास बसते. जून 2020 ला मात्र ग्रहणमध्य दुपारी पावणेबाराच्या सुमारास आला आणि सतरा अंश अक्षांशावरच्या आष्ट्यात तो सूर्य जवळजवळ माथ्यावर होता. वीस फुटी पाइप उभा धरायचा तर खांब रोवावा लागेल. तिथे पत्र्याची शेड कामाला येते. सोळा-सतरा फूट उंच शेडमध्ये छताच्या भोकातून जमिनीवर पडणारी प्रतिमा साडेचार सेंटिमीटरांची असते. पत्र्यातले भोक बहुधा मोठे आणि ओबडधोबड असते, त्याला आतून फॉइलचा तुकडा चिकटवून तीन मिलिमीटरचे भोक पाडले, दारे-खिडक्या लावल्या आणि खाली पांढरा कागद अंथरला की तीसचाळीस मुले एकदम पाहू शकतात. सूर्य खाली असेल आणि मोठा जमाव असेल तर आरसा बरा. लहान आरशावर काळा कागद चिकटवायचा, कागदाला कचेरीतल्या पंचिंग मशीनने एक भोक पाडायचे आणि उन्हातून तो झोत अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाकायचा. पंचाचे भोक असते सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि वर सांगितलेल्या हिशोबाने ते अठरा मीटरला जुळते. शाळेच्या मैदानाच्या कडेपासून वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत तेवढे अंतर मिळतेच. भिंतीवर सूर्य साडेसोळा सेंटिमीटरांचा उमटतो. आरसा हाताने स्थिर राहत नाही. नवनिर्मिती संस्थेने शाळांमध्ये नेलेली युक्ती अशी, की आरसा वाळू भरलेल्या चेंडूवर चिकटवायचा आणि चेंडू एखाद्या कड्यावर ठेवायचा. मग तो हव्या त्या कोनात फिरतो आणि सोडला की तिथेच राहतो. एक धोका मात्र डोक्यात ठेवावा. झोताच्या वाटेत उभे राहून आरशात पाहणे म्हणजे सूर्याकडे पाहणेच. त्या वाटेवर दोरी बांधून एक मोठा माणूस उभा करावा.

आता खरा आक्षेप. या सगळ्या खटाटोपातून दिसते काय? सूर्यावरचे लहान डाग दिसत नाहीत, प्रभामंडल दिसत नाही, ज्वाला दिसत नाहीत. टीव्हीवर आणि मोबाइलवर वेधशाळेच्या दुर्बिणीतून थेट प्रक्षेपण चालू असताना बटर पेपरवरची धूसर कोर कुणी का पाहावी? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. पण खंडग्रास ग्रहणात दुर्बिणीतूनही प्रभामंडल आणि ज्वाला साध्या प्रकाशात दिसत नाहीत. उरलेल्या सूर्याचा उजेड त्यांना झाकून टाकतो. खंडग्रासात घडते ती एकच गोष्ट : एक गोल दुसऱ्या गोलावरून सरकतो. आकार आणि वेळ, यापलीकडे त्यात मोजण्याजोगे फार थोडे आहे, आणि आकार व वेळ मोजायला सोळा भागांचा रेखीवपणा पुरतो. प्रक्षेपणात दिसणारे ग्रहण आणखी वेगळ्या कारणाने अपुरे ठरते. ते दुसऱ्या गावचे असते. कासरगोडला कंकण दिसत होते त्या क्षणी आष्ट्याला सूर्याचा एक तुकडा शिल्लक होता. आष्ट्याला चंद्र सूर्याच्या नेमक्या कोणत्या भागावर आणि किती वाजता होता, हे आष्ट्यात मोजल्याशिवाय पडद्यावर येत नाही.

धूसर कोरीतून काय निघू शकते याचा चांगला दाखला केप्लरचा आहे. टायको ब्राहेला सूर्यग्रहणांच्या नोंदींत एक कोडे पडले होते : ग्रहणात चंद्राचा व्यास पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा लहान भरत होता. चंद्र आक्रसतो की काय? 10 जुलै 1600 रोजी केप्लरने ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात सूचिछिद्रातून सूर्यग्रहण पाहिले आणि दोष आकाशात नसून भोकात आहे हे ओळखले. भोकाला स्वतःची रुंदी असते. त्या रुंदीमुळे उजेडाचा प्रत्येक ठिपका पसरतो, म्हणून तेजस्वी सूर्य बाहेरच्या बाजूला भोकाच्या अर्ध्या व्यासाइतका वाढतो आणि काळा चंद्र तेवढाच आत ढकलला जातो. 1604 च्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात त्याने हे गणित मांडले. आपल्या वीस फुटी नळीतही हाच प्रकार मोजता येतो. गणिताने सूर्य 56 मिलिमीटरचा यायला हवा. पट्टी लावली की तो 59 च्या आसपास भरतो, कारण त्यात भोकाचे साडेतीन मिसळलेले असतात. ती दुरुस्ती करून कोरीच्या आतल्या कडेवर वर्तुळ बसवले की चंद्राचा व्यास मिळतो. दहावीच्या मुलाला हे वर्तुळ तीन बिंदूंतून काढता येते. भूमितीच्या पुस्तकातली ती रचना इथे पहिल्यांदा कामाची ठरते. याच फोटोंवरून आणखी एक गैरसमज उकलतो. बातम्यांत 'सूर्य पन्नास टक्के झाकला' असे येते तेव्हा ते व्यासाचे की क्षेत्रफळाचे हे सहसा लिहिलेले नसते. व्यास निम्मा झाकला जातो तेव्हा तबकडीचे क्षेत्रफळ फक्त 39 टक्क्यांच्या आसपास झाकलेले असते. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून मुलांना हे स्वतः पडताळता येते.

चष्मा आहे ना, मग नळी कशाला, हा दुसरा आक्षेप. प्रमाणित चष्मा चांगलाच आहे. तो मिळाला तर वापरावा. परंतु त्यातून एका वेळी एकच जण पाहतो, मोजता काहीच येत नाही, आणि ओरखडा पडलेला किंवा बनावट चष्मा ओळखणे सामान्य माणसाला अवघड जाते. चष्मा नसतो तिथे एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतले पाणी असे घरगुती मार्ग निघतात. त्यांतले परातीतले पाणी सर्वांत निरुपद्रवी वाटते, म्हणून त्याचा हिशोब करून पाहू. डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे दोन टक्के प्रकाश पाणी परत पाठवते. ग्रहणाच्या चष्म्याचे आंतरराष्ट्रीय मानक जास्तीत जास्त 0.0032 टक्के प्रकाश आत सोडू देते. म्हणजे परातीतला सूर्य चष्म्यातल्या सूर्यापेक्षा सहाशे पटींहून अधिक तेजस्वी आहे, आणि सूर्य खाली असेल तर पाणी याहूनही जास्त परावर्तन करते. पाण्यात शेण किंवा हळद कालवल्याने पृष्ठभागाचे परावर्तन तेवढेच राहते. नेत्रपटलाला वेदना जाणवत नाही, म्हणून इजा होताना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो. सूचिछिद्रात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पाहणाऱ्याची पाठ सूर्याकडे असते. भोकातून सूर्याकडे पाहायचे नाही, एवढा एकच नियम.

तिसरा आक्षेप वैज्ञानिक नाही, पण आष्ट्यासारख्या गावात तोच सर्वांत वजनदार आहे. वेध लागले की चूल बंद, दारे बंद, गर्भवतीने कोपऱ्यात बसून राहायचे, विळीला हात लावायचा नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली तेव्हापासून या समजुतींविरुद्ध सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत भरपूर बोलले गेले आहे. परातीतले मुसळ ग्रहणातच उभे राहते हा दावा, ते कोणत्याही दिवशी उभे करून दाखवून, कार्यकर्त्यांनी निकालात काढला. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांना 'हे सगळे खोटे' असे म्हणून संवाद संपतो. त्यापेक्षा दोन गोष्टी पुढे ठेवाव्यात. ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो असे म्हणतात. बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बाईला विळीपासून दूर ठेवून ओठाचे काही राखले जात नाही. ओठ केव्हाच तयार झालेला असतो. आणि दुसरी गोष्ट पंचांगाचीच. सोलापूरचे दाते पंचांग घरात असते. त्यात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा दिलेल्या असतात. त्या वेळा खगोलगणिताने काढलेल्या आहेत. ज्या आजींना त्या वेळांवर विश्वास आहे त्यांनाच घड्याळ धरून नळीपाशी बसवावे आणि मध्य त्या मिनिटाला येतो का हे तपासायला सांगावे. पंचांगकर्त्याने गणित करून वेळ काढली, नळी ती पडताळून दाखवते. भीतीला त्यात जागा शोधावी लागते. गर्भवतीलाही हे घराच्या पडवीत, सूर्याकडे पाठ करून पाहता येते. दार बंद ठेवायचा हट्टच असेल तर दाराच्या फटीतून आलेला कवडसा समोरच्या भिंतीवर ग्रहण दाखवतो, म्हणजे घरात बसूनही ग्रहण टळत नाही.

पुढची संधी 2 ऑगस्ट 2027 ला आहे. स्पेन, मोरोक्को, लक्सर आणि मक्का यांच्यावरून जाणाऱ्या या ग्रहणाची खग्रास अवस्था लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त टिकेल. आपल्याकडे दुपार कलल्यावर ते खंडग्रास दिसेल आणि सूर्य पश्चिमेला तीस-बत्तीस अंशांवर, नळीच्या सोयीच्या उंचीला असेल. त्या दिवशी सोमवार आहे, म्हणजे शाळा भरलेली असेल. आषाढी अमावास्याही आहे, म्हणजे घरोघरी दिव्यांची पूजा आणि ग्रहणाचे नियम दोन्ही एकत्र येतील. मोठी अडचण ढगांची आहे आणि तिच्यावर इलाज नाही. एवढेच करता येईल, की शाळांनी नळी ग्रहणाच्या आदल्या दिवशी न बांधता त्याआधीच्या उन्हाळ्यात बांधावी. पूर्ण सूर्याचा गोल पडद्यावर आणून मोजावा, भोकाची दुरुस्ती काढावी, नळी कोण सरकवणार, वेळ कोण सांगणार आणि फोटो कोण काढणार हे ठरवावे. मग ऑगस्टमध्ये ढगांतून दहा मिनिटे जरी ऊन पडले तरी दोन-तीन मोजण्याजोगे फोटो हाती लागतील. आणि तेही हुकले तर 21 मे 2031 चे ग्रहण आहे. केरळ-तामिळनाडूत ते कंकणाकृती दिसेल, आष्ट्यात खंडग्रास. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. त्या दिवशी पाइपचा उपयोग नाही. पत्र्याची शेड शोधून ठेवा.